एकोणीस दारं

होमिओपॅथीचे डॉक्टर कुलपांच्या दुकानात हसत शिरले, तेव्हा अण्णांचा थोरला मुलगा एका गिऱ्हाइकाला आकड्यांचं कुलूप समजावून देत होता. डॉक्टरांना हसताना फारसं कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे थोरल्याचं बोट भलत्याच आकड्यावर पडलं आणि कुलपाने तीनदा शिट्टी मारली.

"काय हो," डॉक्टर म्हणाले, "मी 'वरचा बोल्ट गंजका, खांदा लावून ढकलणे' आहे का?"

"म्हणजे?"

डॉक्टरांनी फोन काउंटरवर ठेवला. सकाळी अकरा वाजता अण्णांच्या नंबरावरून त्यांना निरोप आला होता. 'नमस्कार वरचा बोल्ट गंजका खांदा लावून ढकलणे, रविवारी आपल्या गल्लीच्या शाळेत मतदान आहे. मी जाणार आहे, तुम्हीही या. येणार असाल तर खाली दाबा.'

"तुमच्या वडिलांना निरोप पाठवता येतो हेच मला नवीन," डॉक्टर म्हणाले. "मी दाबलं. येणारच आहे. पण त्यांना सांगा, आता ढकलावं लागत नाही. दोन वर्षं झाली बोल्ट बदलून."

थोरलाही हसला. त्याचं हसू अर्ध्यावर आलं असेल नसेल, डॉक्टरांनी अंगठ्याने पुढचं पान सरकवलं. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आपल्या गल्लीतून येणारे'. खाली नावांची रांग. डॉक्टरांनी दाबताना भरलेलं पूर्ण नाव, घर क्रमांकासकट, आणि त्याच्या पोटात बारीक अक्षरात वरचा गंजका बोल्ट. त्याखाली शाळेतल्या गणिताच्या सरांचं नाव, आणि पोटात, 'लॅच सैल, पुठ्ठा सरकवला की उघडते'.

"हे पान कोणाकोणाला दिसतं?" थोरल्याने विचारलं.

"सगळ्यांनाच, बहुतेक. म्हणून तर मजा."

थोरल्याने गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि शटर अर्धं ओढलं. दुपारी एक वाजता दुकानाचं शटर ओढलेलं डॉक्टरांनी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वी, अण्णांची बायको गेली त्या दिवशी. ते हसायचे थांबले.

*

दुकानावरच्या खोल्यांत थोरल्याची मुलगी चिमणी ताटं मांडत होती. ती कामाला जाई त्या वाचनालयाला शुक्रवारी सुट्टी, म्हणून ती घरी होती. वडिलांची पावलं जिन्यावर दोन-दोन पायऱ्या ओलांडत आली, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"चिमणे, ते पान बंद कर. आधी बंद कर, मग विचार."

तिने बंद केलं. साइटने दोनदा विचारलं, नक्की काढायचं का. काढण्याआधी कोपऱ्यातला आकडा तिला दिसला. एकोणीस जणांनी येतो म्हटलं होतं आणि एकशे सात जणांनी ते पान पाहिलं होतं. अर्ध्या तासापूर्वी हाच आकडा चढताना बघून ती स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली होती, "बघ, पाहतायत लोक."

शाळेच्या फाटकावर महिन्यापूर्वी निवडणूक कार्यालयाने सूचना लावली होती. गल्लीच्या यादीत सहाशे बारा मतदार, मागच्या खेपेला आले एकशे त्रेसष्ट. या वेळी एक तृतीयांश, म्हणजे दोनशे चार तरी आले नाहीत, तर इथलं केंद्र बंद करून पुलापलीकडच्या केंद्राला जोडणार. वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती सूचना वाचली होती आणि चष्मे पुसले होते. पुलापलीकडे चालत जाणं त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. चिमणीने पत्रकं वाटली. लोकांनी घडी घालून खिशात ठेवली. मग तिला ही साइट सापडली. तिथे शिकवत, की अनोळखी माणसाच्या सांगण्याने कोणी घराबाहेर पडत नाही, ओळखीच्याने सांगितलं तर पडतो. तेव्हा ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्या फोनमधले नंबर साइटला द्या, निरोप ती पाठवील.

गल्लीत सगळ्यात जास्त ओळखी कोणाच्या, हा प्रश्न सोपा होता. अठ्ठावन्न वर्षं अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन दारोदार जात होते. त्यांच्या फोनमध्ये चारशे बारा नंबर होते.

ते नंबर कोणत्या नावांनी ठेवलेत, हे तिने पाहिलं नव्हतं. साइटने सगळे एका घासात गिळले.

"नावच नाहीये त्यात कुणाचं," ती वडिलांना म्हणाली. "बाबा, सगळी कुलपंच आहेत."

"नाव नसणारच. तुला माहीत नाही?"

तिला ऐकून माहीत होतं. अण्णांच्या वडिलांनी, ज्यांचा फोटो खाली काउंटरमागे होता, धंद्याला एक नियम घालून दिला होता. नाव आणि कुलूप एका कागदावर येऊ द्यायचं नाही. वही हरवली, चोरीला गेली, तरी ती वाचणाऱ्याला कोणाचं दार कच्चं ते कळता कामा नये. वहीत कुलूप असायचं, नाव अण्णांच्या डोक्यात. फोन आला तेव्हा नियम फोनमध्येही गेला. साठ वर्षांत जे एका कागदावर आलं नव्हतं, ते चिमणीच्या साइटने सकाळी अकरा ते एक या वेळात एकशे सात माणसांना दाखवलं.

*

जेवण कोणी नीट जेवलं नाही. थोरली, म्हणजे चिमणीची आई, वाढत राहिली, कारण हात रिकामे ठेवायची तिची तयारी नव्हती. धाकट्या दिराला तिनेच फोन करून बोलावलं होतं. तो गाडी शिकवायच्या क्लासमधून तसाच आला. दोन ब्रेकची, टपावर पाटी असलेली त्याची गाडी खाली उभी होती. दोघा भावांचं आई गेल्यापासून फारसं बोलणं नव्हतं. जे काही असे ते वहिनीमार्फत चाले, जसं एखाद्या कार्यालयात खिडकीतून कागद सरकवावा.

अण्णा खुर्चीत बसून होते. त्यांना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोण कोण एकोणीस?"

चिमणीने कागद ओढला.

"लिहू नकोस," अण्णा म्हणाले. "सांग नुसतं."

तिने फोनवर बघून एकेक सांगितलं. नाव, मग कुलूप. अण्णा डोळे मिटून मान हलवत होते. अकराव्या नावाला ती थांबली.

"शिवणवाल्या बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मागची कडी पत्र्याने उघडते. एकटी."

थोरलीच्या हातातला डाव भांड्यात राहिला. शिवणवाल्या बाईंकडे ती ब्लाउज शिवायला टाकत असे. कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्याला त्या राहत, मागे अंधारा चौक. एकटी, एवढा एक शब्द तिच्या डोक्यात फिरत राहिला.

"हे बघा," थोरला म्हणाला, "पान बंद झालंय. ज्यांनी पाहिलं त्यातल्या निम्म्यांना ते काय आहे ते कळलंही नसेल. डॉक्टर हसत आले होते. आपण आता दारोदार जाऊन सांगत बसलो, की तुमचं कुलूप जगजाहीर झालं, तर ज्याला माहीत नाही त्यालाही माहीत होईल. गप्प बसावं. महिन्याभरात कोणी लक्षात ठेवणार नाही."

"मला पटतंय," धाकटा म्हणाला. "वहिनी, तारीख लिहून ठेवा. दादा आणि मी एका मताचे आहोत."

"चेष्टा नको रे."

"चेष्टा नाही. खरंच पटतंय. साठ वर्षांचं दुकान आहे, एका दुपारसाठी का घालवायचं?"

चिमणीने काकाकडे पाहिलं. तो आपली बाजू घेईल असं तिला वाटलं होतं. नेहमी घ्यायचा.

"फोन मी दिला तिला," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"अण्णा अंघोळीला गेले होते. ती म्हणाली, विचारून घेते. मी म्हटलं, घे गं, त्यांना कुठे त्यातलं कळतंय." ती सासऱ्यांकडे न बघता बोलत होती. "तेव्हा तिला एकटीला नका धरू. आणि अहो, गप्प बसायचं म्हणता, पण त्या शिवणवाल्या बाईंना आज कोणी सांगितलं नाही, तर त्या तीच कडी लावून निजणार आहेत ना?"

थोरल्याने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

अण्णांनी डोळे उघडले. "एकोणीसच्या एकोणीस बदलायची," ते म्हणाले. "आज आणि उद्या. आणि का बदलतोय ते सांगून."

"अण्णा, त्यातली निम्मी साधी आहेत. एक तर नुसतं कपाट आहे."

"कपाटही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. ते ऐकायला लागेल." मग ते जरा अवघडले. "मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी कुलूप काढीन. बोलायला कोणीतरी या."

मग धाकटा म्हणाला, "मी बोलतो. दिवसभर दुसरं काय करतो, ब्रेक दाबा, ब्रेक दाबा."

"आत्ताच तू माझ्या मताचा होतास," थोरला म्हणाला.

"पाच मिनिटं होतो ना. तुझ्यासाठी खूप झालं. ड्रिल कोण धरणार?"

थोरला उठला. "तुझ्या हातात ड्रिल दिलं तर दारं बदलावी लागतील," तो म्हणाला. चार वर्षांत भावाला उद्देशून थेट बोललेलं हे त्याचं सर्वांत मोठं वाक्य असावं.

"आणि मतदानाचं?" चिमणीने विचारलं.

"मतदानाचं नाव काढू नकोस आता," थोरला म्हणाला.

अण्णा हत्यारांची पिशवी आणायला उठले.

*

गाडीत पुढे अण्णा, मागे थोरला, चिमणी आणि कुलपांच्या आत बसवायच्या सिलिंडरांची पेटी. टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' अशी पाटी. धाकट्याला वाटलं, आजच्या दिवसाला शोभेशी आहे.

पहिलं दार डॉक्टरांचं. ते सोपं गेलं. गणिताच्या सरांकडे मात्र धाकट्याचं बोलणं अडखळलं. रोज शिकाऊ लोकांसमोर तो न थांबता बोलत असे, पण तिथे चूक नेहमी समोरच्याची असायची.

"म्हणजे पुठ्ठ्याने माझं दार उघडतं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" सरांनी विचारलं.

"अण्णांना होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

अण्णा गुडघ्यावर बसून लॅच काढत होते. "सांगितलं होतं, सर," ते मान वर न करता म्हणाले. "तुम्ही म्हणालात, परीक्षा झाल्या की बघू."

सरांच्या बायको आतून म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वी." विषय तिथेच मिटला.

तिसऱ्या दारी दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. रात्रपाळी करून झोपलेल्या, डोळे चोळत आल्या. धाकट्याने सगळं सांगितलं. आता त्याला ते क्रमाने जमू लागलं होतं, आधी चूक, मग काय उघडं पडलं, मग आम्ही काय करतोय. सिस्टरनी ऐकून घेतलं, जांभई दिली आणि दारातच स्टूल ओढून बसल्या. ड्रिलच्या आवाजाने शेजारच्या दोन बिऱ्हाडांतली माणसं बाहेर आली.

"एक विचारू, अण्णा?" सिस्टर म्हणाल्या. "निरोपात होतं, मी जाणार आहे. तुम्ही खरंच जाणार आहात का मतदानाला?"

धाकट्याला प्रश्न साधा वाटला. वडिलांचा हात थांबला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की नाही. आई आणि अण्णा दर वेळी जोडीने जात. आई गेली, त्यानंतर दोन मतदानं झाली. घरात कोणी विचारलं नव्हतं. त्याने तर नाहीच. दोन्ही वेळा तो सुट्टी म्हणून बाहेरगावी गेला होता.

"मागच्या दोन खेपेला गेलो नाही," अण्णा म्हणाले.

"मग?"

"आता जाणार." त्यांनी स्क्रू फिरवला. "माझ्या नावाने चारशे माणसांना गेलंय. आता न जाऊन कसं चालेल?"

"किती वाजता?"

अण्णांनी जरा विचार केला. "नऊ वाजता."

"मग मीही येते. पाळी सुटली की तशीच येईन, घरी आले तर झोपेन." त्या शेजाऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही काय नुसतं बघताय? तुमची नावं नाहीत का यादीत?"

गाडीत परत बसताना चिमणी काकाच्या कानाशी लागली. "त्या शेजारच्या काकू येते म्हणाल्या. आणि त्यांचे सासरेही, पण त्यांना चालवत नाही."

"पत्ता घेतलास?"

"नाव घेतलं. नुसतं नाव."

"मी आणतो त्यांना. गाडी कशाला आहे?" तो म्हणाला आणि आरशात भावाकडे पाहिलं. "दादा, रविवारी तू एक ब्रेक सांभाळशील का?"

"तू चालवणार असशील तर दोन्ही सांभाळतो."

पुढच्या दारापासून एक गोष्ट ठरूनच गेली, कोणी ठरवली नाही तरी. धाकटा बोलायचा, थोरला भोक पाडायचा, अण्णा सिलिंडर बसवायचे. किल्ली तीनदा फिरवून मालकाच्या हातात दिली, की अण्णा एकच वाक्य म्हणायचे. "रविवारी मी नऊ वाजता जाणार आहे." तुम्ही या, असं नाही. मत कोणाला द्या, हे तर नाहीच. हे वाक्य म्हणताना ते मालकाकडे न बघता कुलपाकडे बघत. धाकट्याला आधी हसू आलं. सातव्या दारानंतर हसू यायचं थांबलं, कारण लोक खरंच विचारू लागले, नऊला का, दहाला गर्दी असते का, ओळखपत्र कुठलं चालतं. ज्यांच्याकडे काम नव्हतं ते शेजारीही विचारू लागले. चिमणीने साइटवर नवी यादी केली, कोणालाही न दिसणारी, तिच्यात नावाशिवाय काही नाही. कोणाला गाडी हवी, कोणाला शनिवारी संध्याकाळी आठवण करायची, एवढं ती टिपून ठेवी.

सगळीकडे असं झालं नाही. दोन घरांनी किल्ल्या घेतल्या आणि दार लावून घेतलं. एका गृहस्थांनी पोलिसांत जाईन म्हटलं. थोरला त्यांना म्हणाला, "जा. मीच सोडतो तुम्हाला, चूक आमचीच आहे." ते गेले नाहीत, पण चहाही दिला नाही.

शिवणवाल्या बाईंकडे ते शुक्रवारी दोनदा जाऊन आले होते. दाराला कुलूप होतं. थोरलीने त्यांना फोन लावला, तो त्यांनी उचलला, सगळं ऐकलं, आणि "कळलं" एवढं म्हणून ठेवला.

*

शनिवारी दुपारपर्यंत अठरा दारं झाली होती. अण्णा एकोणिसाव्या दाराकडे पायी गेले. बरोबर फक्त चिमणी. मुलांना त्यांनी गाडीत थांबायला सांगितलं.

आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. अण्णांनी दार वाजवलं. मशीन थांबलं, दार उघडलं नाही. शेजारची खिडकी उघडली. बाई गजांच्या मागे उभ्या राहिल्या, खांद्यावर मापाची टेप.

"तुम्ही 'एकटी' असं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"का?"

अण्णांना उत्तर माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात उत्तरं नेहमी उशिरा वाक्यं होत. "तुमचा फोन आला तर बाकी काम टाकून आधी तुमच्याकडे यायचं, म्हणून."

"बारा वर्षांत मी एकदाच फोन केला."

"तेव्हा आलो होतो."

"आला होतात." बाईंनी टेप खांद्यावरून काढून हाताला गुंडाळली. "मी एकटी राहते हे मी कोणाला सांगत नाही. गिऱ्हाइकांना सांगते, भाऊ कामावर गेलाय. दारात पुरुषाच्या चपला ठेवते. तुम्हाला ते दिसलं असेल."

"दिसलं होतं."

"आता गल्लीला माहीत आहे."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली.

चिमणी पुढे झाली. "बाई, फोन मी घेतला होता. आजोबांना न विचारता. आत काय लिहिलंय ते न वाचता मी बटण दाबलं. चूक माझी आहे, त्यांची नाही."

"मला ठाऊक आहे. तुझ्या आईने सांगितलं." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. राग होता, पण तिच्यावर टाकावा एवढा वेळ नसल्यासारखा. "कडी मी सकाळीच बदलली, किल्लीची बसवली. बाजारातल्या दुकानातून माणूस आणून."

"बरं केलंत," अण्णा म्हणाले.

"तुमच्याकडून आता नको."

"बरं."

खिडकी बंद झाली. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. अण्णा पिशवी उचलून वळले. रविवारचं वाक्य त्यांनी म्हटलं नव्हतं. जिथे कुलूप बसवलं नाही तिथे ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. कदाचित धीर झाला नाही, एवढंच असेल.

जिन्याच्या कोपऱ्यात चिमणी रडायला लागली.

"आजोबा, मी त्यांची माफी लिहून पाठवू?"

"नको. तोंडाने मागितलीस ना. आता काही दिवस त्यांना काहीही पाठवू नकोस." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि उरलेल्यांना आठवण कर. सिस्टरच्या शेजारचे आजोबा विसरतील."

*

रविवारी पावणेनऊला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून शाळेत पोहोचले, तेव्हा ओसरीवर माणसं उभी होती. केंद्रप्रमुख टेबलाच्या मागून मान लांब करून बघत होते. त्यांच्या अनुभवात सकाळी दोन-चार पेन्शनर यायचे आणि मग शाई वाळत राहायची. इथे रांग फाटकापर्यंत होती. डॉक्टर, गणिताचे सर आणि त्यांच्या बायको, कपाटवाले गृहस्थ, पाळीवरून थेट आलेल्या सिस्टर, आणि बरीच अशी माणसं, ज्यांच्या घरी अण्णा शुक्रवारी, शनिवारी गेलेच नव्हते.

"नऊ म्हणालात ना," सिस्टर म्हणाल्या. "हे घ्या तुमचे नऊ. मला जागा द्या पुढे, उभ्या उभ्या झोपेन."

अण्णा आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहिले. आत गेले, बाहेर आले. कागदावर खूण करताना बायकोची आठवण आली असेलच, पण ते कोणाला सांगितलं नाही.

घरी जायच्या ऐवजी ते ओसरीच्या पायरीवर बसले. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. माणसं येत होती आणि त्यांना बघून मान हलवत होती. कोणी किल्ली दाखवून जाई, छान फिरते म्हणे. दोन ब्रेकची गाडी दिवसभर येत-जात राहिली. थोरला मागचं दार उघडून म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवी आणि धाकटा काचेतून ओरडे, "सावकाश, दादा, परीक्षा घेतायत तुझी." थोरलीने दुपारी दोघांचे डबे गाडीतच पाठवले. एकाच पिशवीत, चार वर्षांनी प्रथम.

तीनच्या सुमाराला चिमणी धावत आली. "एकशे ऐंशी," ती म्हणाली. साडेचारला केंद्रप्रमुखांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, "दोनशे अकरा. ओलांडलं तुम्ही." ओसरीवर कोणीतरी टाळी वाजवली आणि मग लाजून थांबलं. चिमणीला नाचावंसं वाटत होतं. पण तिने आपली यादी उघडून पाहिली. एकोणीसपैकी अठरा नावांपुढे खूण होती.

मतदान संपायला पाऊण तास उरला असताना शिवणवाल्या बाई फाटकातून आल्या. एकट्या आल्या, नेहमीसारख्या भरभर चालत. चिमणी फाटकाशी होती. ती बाजूला झाली. बाई अण्णांच्या समोरून आत गेल्या, पाच-सात मिनिटांनी बाहेर आल्या. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. हातात किल्ली होती, नवी, पातळ, कडा नीट न घासलेली. अण्णांना ती लांबूनच ओळखू आली.

"नवीन कडी अडकते," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे न बघता.

"तेल घातलंत?"

"घातलं. त्या माणसाने सांगितलं होतं."

"तेल नका घालू. धूळ धरतं, मग आणखी अडकतं." अण्णांनी हात पुढे केला नाही. "पेन्सिलीचं शिसं किसून किल्लीला चोळा. आत घालून दोनदा फिरवा. मोकळी होईल."

"कुठली पेन्सिल?"

"मऊ. मुलं चित्रं काढतात ती."

"माझ्याकडे खडू आहे. कापडावर रेघा मारायचा."

"खडू नको. गोळा होतो."

बाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. समोर थोरला कोणालातरी गाडीत बसवत होता, धाकटा त्याला काहीतरी सांगत होता आणि दोघंही हसत होते.

"त्या माणसाने नंबर दिला नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा अडकली तर कोणाला सांगायचं, विचारायचं राहिलं."

अण्णांनी किल्लीकडे पाहिलं.

"उद्या दहानंतर या," त्या म्हणाल्या. "सकाळी माप द्यायला बायका येतात."

"येतो."

त्या निघाल्या. फाटकाशी चिमणीजवळ क्षणभर थांबल्यासारख्या झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्या दूर गेल्यावर चिमणी पायरीकडे आली.

"आजोबा, बाई काय म्हणाल्या?"

अण्णांनी नातीकडे पाहिलं. दिवसभर बसून त्यांचे गुडघे आखडले होते. उठण्यासाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.

"ते त्यांच्या दाराचं आहे," ते म्हणाले.